टर्कीसाठी पेरायचं की टर्कीला भुलवायचं?

अमेरिकेत थोडीफार जमीन घेतलेले आपले वाचक वाढलेत, कुणाची पाच एकर तर कुणाची तीस, आणि जमीन आली की तिच्यावर वावरणारे पशुपक्षीही आले. या वेळी जवळपास सगळीच पत्रं रानटर्कीवर आहेत, म्हणून अख्खं सदर तिलाच दिलंय. एक गोष्ट आधीच सांगते, टर्कीच्या शिकारीचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत आणि दरवर्षी थोडे बदलतात, त्यामुळे इथे वाचून थेट रानात जाऊ नका. आपल्या राज्याची त्या वर्षाची नियमपुस्तिका वाचा आणि शंका असली तर गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे नियम राबवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, फोन करा. ते लोक नीट बोलतात, आणि आधी विचारणाऱ्याशी तर फारच नीट बोलतात.

प्रश्न : ताई नमस्कार. अटलांटापासून दीडेक तासावर आम्ही दोन कुटुंबांनी मिळून जागा घेतलीये, बहुतेक पाइनची झाडं आणि मधे जुनी पडीक पट्टी. टर्की रोज दिसतात. ऑफिसच्या मित्राच्या नादाने हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन्स काढलं. आता तो म्हणतो मक्याचं फीडर, म्हणजे ठरल्या वेळी दाणे टाकणारा डबा, लाव, हरणांसाठी इथे सगळेच लावतात, एप्रिलमध्ये टर्की आपोआप समोर येतील. दुसरा एक जण म्हणतो फूड प्लॉट कर, म्हणजे त्यांच्यासाठी पीक पेर. मला फरकच कळत नाही, दोन्हीकडे आपण खायलाच घालतोय ना?

उत्तर : मित्राचं ऐकू नका, निदान टर्कीच्या बाबतीत तरी. त्याची गफलत कुठे होतेय ते सांगते, कारण ती खूप जणांची होते. जॉर्जियात खासगी जमिनीवर मका टाकून हरणाची शिकार करायला परवानगी आहे, म्हणून फीडर सर्रास दिसतात, दुकानात मक्याची पोती रचलेली असतात, आणि माणसाला वाटतं की हे सगळ्याच प्राण्यांना लागू आहे. पण टर्कीला ते लागू नाही. आमिष टाकलेल्या जागी टर्कीची शिकार जॉर्जियात बेकायदेशीर आहे. शेजारच्या अलाबामातही तसंच, तिथे आमिषावर शिकार करायचं वेगळं लायसन्स मिळतं पण ते हरीण आणि रानडुकरांपुरतं, टर्की त्यात येत नाही. बदकं, कबुतरं या स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना केंद्र सरकारचा कायदा आहे, टर्की स्थलांतर करत नाही म्हणून ती पूर्णपणे राज्याच्या अखत्यारीत येते, आणि बहुतेक राज्यांनी आमिषाला नाहीच म्हटलंय.

आणि फीडर उचलून बाजूला ठेवलं की काम झालं असंही नाही. मिझुरी, अलाबामा अशा राज्यांत सगळे दाणे पूर्णपणे उचलल्यानंतरही दहा दिवस ती जागा आमिषाचीच धरतात. सगळे म्हणजे खरोखर सगळे, गवतात अडकलेले सुद्धा. शेजाऱ्याने कुंपणापलीकडे हरणांसाठी टाकलेला मका असला तरी तुम्ही अडचणीत येऊ शकता, आणि किती लांब म्हणजे लांब हे आपण आपल्या मनाने ठरवायचं नसतं, वॉर्डनला विचारायचं. तेव्हा सीझनच्या बरंच आधी तुमची जागा आणि बांधाला लागून काय काय आहे ते एकदा पायी फिरून बघा, शेजाऱ्यांशी बोला.

आता तुमचा मुख्य प्रश्न, दोन्हीत फरक काय. कायदा ढोबळमानाने असं बघतो की तिथे उगवलेलं पीक जागेवर उभं असेल, नेहमीच्या शेतीच्या पद्धतीने पेरलेलं असेल, तर ते चालतं. बाहेरून आणून ओतलेलं, पसरलेलं धान्य म्हणजे आमिष. मधल्या गोष्टी मात्र तापदायक असतात. उभा मका सीझनच्या तोंडावर मशीन घालून आडवा पाडला तर? गहू मातीआड न करता नुसता वर फोकून दिला तर? याची उत्तरं राज्यागणिक बदलतात, त्यामुळे मी म्हणेन की मार्च-एप्रिलमध्ये प्लॉटवर दाणा पडेल असं काहीही करूच नका. जे पेरायचं ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरा.

पण मला कायद्यापेक्षा दुसरा फरक मोठा वाटतो. मक्याचा ढीग एका सकाळसाठी टाकलेला असतो, बंदूक घेऊन बसलेल्या माणसाच्या सोयीने. क्लोव्हरचा, म्हणजे घासासारख्या चाऱ्याच्या पिकाचा, तुकडा वर्षभर उभा राहतो, त्यात मे महिन्यात मादी येते, जूनमध्ये तिची पिल्लं किडे टिपतात, ससे येतात, मधमाश्या येतात, आणि शिकारीचे जेमतेम काही आठवडे सोडले तर बाकीचं वर्ष तिथे तुमचा काही संबंधच नसतो. पेरताना कोण डोळ्यांसमोर होतं, तो पक्षी की आपला फोटो, हे स्वतःला विचारून बघा, म्हणजे बऱ्याच गोष्टी सुटतात.

आणि एक आगाऊ सल्ला, न विचारता. तुमच्या जागेवर फूड प्लॉटची खरंच गरज आहे का ते आधी बघा. दक्षिणेतल्या राज्यांत टर्की उपाशी राहते म्हणून कमी होत नाहीयेत, ओकच्या झाडांखाली अकॉर्न म्हणजे ओकची फळं पडतात, बेरी असतात, गवताचं बी असतं. अडतंय ते घरट्यांवर आणि पिल्लांवर. मादी जमिनीवर साध्या खळग्यात दहा-बारा अंडी घालते, २८ दिवस बसते, आणि या काळात रॅकून, स्कंक, ऑपोसम, कावळे, साप सगळे टपून असतात. पिल्लं निघाली की पहिले दोनेक आठवडे त्यांना झाडावर उडून बसता येत नाही, आईच्या पंखाखाली जमिनीवरच रात्र काढतात. त्यांना काय लागतं तर गुडघ्याएवढी विरळ झुडपं, वरून ससाण्याला दिसणार नाही असं छत, खाली मोकळी माती म्हणजे पळता येईल, आणि भरपूर किडे. तुमची पाइन दाट असतील तर खाली काहीच उगवत नसेल, मग विरळणी करून ऊन आत येऊ द्या, आणि दोन-तीन वर्षांतून एकदा नियंत्रित जाळ. घाबरू नका, आपल्याकडच्या वणव्यासारखं ते नसतं, राज्याच्या फॉरेस्ट्री कमिशनची माणसं परवानगी आणि मार्गदर्शन दोन्ही देतात. खरं सांगायचं तर पैसा मोजका असेल तर बियाण्याआधी तो विरळणीवर आणि जाळावर घाला. जॉर्जियाने २०२२ मध्ये एका शिकाऱ्याला वसंतातले तीन नर होते ते दोन केले, सीझनही उशिरा सुरू केला, ते काही उगाच नाही.

प्रश्न : मी मूळची सांगलीकडची, शेतकऱ्याची मुलगी, सध्या साउथ कॅरोलायनात. नवरा शिकार करत नाही, मीही नाही, पण आम्हाला टर्की आवडतात आणि दोन एकर मोकळं रान आहे. कुणीतरी चुफा लाव म्हटलं. हे काय असतं? आणि क्लोव्हर कसं करायचं ते सविस्तर सांगा, मला शेतीची भाषा कळते.

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण शेतकऱ्याच्या मुलीला अर्ध्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

चुफा म्हणजे आपल्या लव्हाळ्याचा सख्खा चुलतभाऊ. हो, तोच लव्हाळा ज्याच्या गाठी खुरपून खुरपून आपल्या आया थकल्या. आपल्याकडचा सायपरस रोटंडस आणि हा सायपरस एस्क्युलेंटस, याच्या मुळांना गोडसर, शेंगदाण्याच्या चवीच्या गाठी लागतात, स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला त्यांचं दुधासारखं थंड पेय करतात. टर्कीला या गाठी प्रचंड आवडतात, पायाने माती उकरून काढतात आणि हिवाळाभर तिथेच फिरत राहतात. लागवडीच्या जातीचा चुफा रानटी चुफ्याएवढा पसरत नाही, तरीपण भाजीच्या वाफ्याशेजारी अजिबात नको, तुम्हाला कारण सांगायला नको.

हलकी, रेताड-पोयट्याची जमीन निवडा, चिकण मातीत गाठी धरतात पण टर्कीला उकरता येत नाहीत. एप्रिल अखेरपासून जूनपर्यंत, वाफसा बघून, एकरी ४० ते ५० पौंड बी फोकायचं आणि डिस्कने इंच-दीड इंच मातीआड करायचं. तयार व्हायला साधारण शंभर दिवस लागतात. साधारण दीड महिन्याने नत्राचा हप्ता द्यायचा. एक गंमत लक्षात ठेवा, ज्या टर्कीने चुफा कधी पाहिलेलाच नाही तिला तो ओळखता येत नाही, सगळं पीक जमिनीखाली, वर नुसतं गवत दिसतं. म्हणून पहिल्या वर्षी शरद ऋतूत चार-सहा ठिकाणी झाडं उपटून गाठी उघड्या टाकायच्या किंवा एखादी पट्टी हलकी कुळवून ठेवायची. एका पक्ष्याला कळलं की कळपाला कळतं. (शिकारी वाचकांसाठी, असं उघडं करणं तुमच्या राज्यात आमिष धरतात का ते आधी विचारा, तुम्हा दोघांना त्याचा प्रश्न नाही.) दुसऱ्या वर्षी उरलेल्या गाठींवरच नुसती कुळवणी आणि खत देऊन पीक परत येतं बरेचदा, पण पुढे जागा बदला. आणि तुमच्या भागात रानडुकरं असतील तर चुफ्याच्या नादी लागूच नका, एका रात्रीत सगळं नांगरून टाकतात.

क्लोव्हरसाठी आधी माती परीक्षण. काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसमध्ये, म्हणजे कृषी सल्ला केंद्रात, मातीची पिशवी देऊन या, थोडक्या पैशात रिपोर्ट मिळतो. दक्षिणेतली माती बहुतेक आम्ल असते, क्लोव्हरला सामू सहा-साडेसहा लागतो, म्हणजे चुना टाकावाच लागणार, आणि चुन्याला काम करायला महिने लागतात म्हणून तो पेरणीच्या आधी बराच टाकायचा. लोक इथेच घाई करतात, महागडं बियाणं आणतात, पिशवीवर मोठ्या शिंगांचं हरीण छापलेलं असतं, आणि चुन्याला पैसे देताना हात आखडतात, मग सगळं मुसळ केरात. बियाण्याला रायझोबियमची बीजप्रक्रिया करा, कडधान्याला करतो तशीच, फक्त क्लोव्हरचं कल्चर वेगळं असतं ते बघून घ्या. लॅडिनो पांढरं क्लोव्हर एकरी तीन ते पाच पौंड, क्रिमसन करायचं तर वीसेक पौंड, सोबत आधाराला गहू एकरी चाळीस-पन्नास पौंड. गहू आधी जरा खोल, क्लोव्हर वरून, पाव इंचापेक्षा खोल गेलं की उगवत नाही, नुसतं दाबून घ्यायचं.

दोन एकर सगळे एका चौकोनात पेरू नका. जंगलाच्या कडेने लांबट, वाकडीतिकडी पट्टी ठेवा, टर्कीला मोकळ्यात चरायला आवडतं पण पळून झाडीत शिरता आलं पाहिजे. रस्त्यावरून दिसेल अशा जागी नको, गाडीतून गोळी घालणारे लोक दुर्दैवाने असतात. कीटकनाशक अजिबात नाही! पिल्लं पहिले काही आठवडे जवळजवळ किड्यांवरच वाढतात, प्रथिनं तिथूनच मिळतात, तुम्ही फवारलंत की पंगत वाढून ताट काढून घेतल्यासारखं होतं. एप्रिल ते जुलै गवत कापायचं मशीन शेडमध्ये राहू द्या, मादी अंड्यांवरून शेवटच्या क्षणापर्यंत उठत नाही आणि मशीनखाली जाते. ऑगस्टमध्ये कापा. आणि कुरणात जर टॉल फेस्क्यू नावाचं गवत असेल तर आधी ते मारा, ते इतकं दाट असतं की पिल्लाला त्यातून चालताच येत नाही, दवाने भिजून गारठून मरतात.

आणखी एक गोष्ट जी इथे बऱ्याच जणांना माहीत नसते. पोल्ट्रीचं खत स्वस्त मिळतं म्हणून प्लॉटवर टाकतात, ते टाकू नका. कोंबड्यांच्या विष्ठेतून सूक्ष्म जंतांच्या अंड्यांसोबत ब्लॅकहेड नावाचा रोग येतो, कोंबडीला फारसं काही होत नाही पण टर्की पटापट मरते. त्याच कारणाने तुमच्या घरच्या कोंबड्याही प्लॉटवर चरायला सोडू नका.

प्रश्न : बॉस्टनजवळ राहतो. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलीये, तिचा वेळ जात नाही, मागच्या अंगणात आठ-दहा टर्की येतात त्यांना ती रोज तांदूळ, ज्वारी टाकते. गावाला चिमण्या-पारव्यांना टाकायची तसंच. पण आता त्यातला एक नर मुलीच्या अंगावर धावून जातो, पोस्टमनलाही अडवतो. आईला कसं समजावू? तिला वाटतं आम्ही तिचं पुण्याचं काम बंद करतोय.

उत्तर : आईंना माझा नमस्कार सांगा, आणि हे उत्तर त्यांनाच वाचून दाखवा.

काकू, तुमची भावना शंभर टक्के खरी आहे, पण हा पक्षी पारव्यासारखा नाही. टर्कीच्या कळपात कोण वर कोण खाली याची सतत मारामारी चालते. माणूस रोज दाणे घेऊन जवळ आला की त्याची भीती जाते आणि माणसालाही ते आपल्या कळपातलाच एक धरतात. मग वसंतात नर अंगात आल्यावर आपल्यापेक्षा लहान किंवा घाबरणाऱ्या माणसाला दाबायला बघतो. लहान मुलगी आणि पोस्टमन त्याला खालचे वाटतात, तुम्ही वरच्या, म्हणून तुम्हाला तो काही करत नाही. पुढे तक्रारी वाढल्या की शेवटी त्या पक्ष्यालाच मारावं लागतं. म्हणजे तुम्ही घातलेल्या दाण्याचं फळ त्याला असं मिळतं. शिवाय एकाच जागी रोज गर्दी झाली की देवी, डोळ्यांचे रोग पसरतात, आणि सांडलेल्या दाण्यावर रात्री उंदीर, रॅकून येतात ते वेगळंच.

मॅसॅच्युसेट्समधून हा पक्षी १८५१ च्या सुमारास पूर्ण नाहीसा झाला होता. जंगलं तोडली होती, शिकारीला धरबंध नव्हता. १९७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातून ३७ टर्की पकडून आणून बर्कशायरच्या डोंगरात सोडल्या आणि आज तुमच्या अंगणात येतात त्या बहुतेक त्यांचीच पिल्लावळ. तो स्वतःच्या पायावर उभा राहिलेला पक्षी आहे काकू, त्याला आपल्या मुठीतल्या ज्वारीची गरज नाही.

घरच्यांनी काय करायचं, तर दाणे आजपासून बंद, बर्ड फीडर खालची सांड रोज झाडायची. नर समोर आला तर मागे सरायचं नाही, झाडू उगारायचा, ओरडायचं, बागेच्या पाइपचं पाणी मारायचं, आणि हे घरातल्या प्रत्येकाने करायचं, मुलीने सुद्धा, मोठ्यांबरोबर. गाडीच्या चकचकीत दारात त्याला दुसरा नर दिसतो म्हणून टोचा मारतो, तिथे काही दिवस कापड टाका. आईंच्या हातांना काम हवं असेल तर क्रॅबअॅपल, सर्व्हिसबेरी, डॉगवुड अशी इथली झाडं लावू द्या अंगणाच्या कडेला. त्यांची फळं टर्की खाते, रॉबिनही खातो, आणि झाडाशी कुणी मारामारी करत नाही.

प्रश्न : सॅन अँटोनियोच्या पश्चिमेला एका रँचवर आम्ही चार मित्र हंटिंग लीज घेतो, म्हणजे शिकारीपुरती जमीन भाड्याने घेतो. इथे टर्कीला मका टाकणं कायदेशीर आहे, रँचवाला स्वतःच फीडर लावून देतो. एक मित्र म्हणतो हे चूक आहे, आम्ही बाकीचे म्हणतो कायदा आहे ना, मग नैतिकतेचं लेक्चर कशाला? तुमचं मत सांगा, स्पष्ट सांगा.

उत्तर : स्पष्टच सांगते, मी तुमच्या त्या एकट्या मित्राच्या बाजूने आहे.

कायद्याचं तुमचं बरोबर आहे, टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर हे चालतं (पूर्व टेक्सासमधल्या ज्या थोड्या काउंट्यांत ईस्टर्न जातीची टर्की आहे तिथे चालत नाही, तिकडे गेलात तर ध्यानात ठेवा). तुम्ही गुन्हेगार नाही. पण तुम्ही वसंतात तिथे जाता कशाला, याचा विचार करा. पहाटे अंधारात झाडाला पाठ लावून बसायचं, लांबवर ओकच्या फांदीवरून नर पहिला गॉबल देतो, म्हणजे साद घालतो, मग तुम्ही लाकडी बॉक्स कॉलचं झाकण खडू लावलेल्या कडेवर हळूच घासून मादीचा आवाज काढता. निसर्गात मादी नराकडे चालत जाते, नर पिसारा फुलवून उभा राहतो. तुम्ही उलटं मागताय, की तू माझ्याकडे ये. म्हणून तो साठ यार्डांवर येऊन अडतो, मान उंच करतो, अर्धा तास हलत नाही, आणि बहुतेक वेळा निघून जातो. त्याला जायची मुभा आहे, ती मुभा हाच सगळा खेळ आहे. १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट आणि मंडळींनी बून अँड क्रॉकेट क्लब काढला, त्यांनी ज्याला फेअर चेस म्हटलं ते हेच, प्राण्याला निसटायची खरी संधी असली पाहिजे. फीडर सकाळी सातला फिरतं, सातला टर्की येते, तुम्ही पावणेसातला तयार. यात तुम्ही काय केलंत? टायमर लावलात.

कुणी म्हणेल फूड प्लॉटच्या कडेला तंबू टाकून बसणं तरी काय वेगळं. हा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. चार-पाच एकरांवर क्लोव्हर असेल आणि टर्की तिथून कधीही, कुठूनही जात असेल तर मला त्यात वावगं वाटत नाही. पण बंदुकीच्या टप्प्यात बसेल एवढाच पाच-दहा गुंठ्यांचा तुकडा, शिकाऱ्याच्या बसायच्या स्टँडच्या बरोबर समोर, ज्याला शिकारीच उघडपणे किल प्लॉट म्हणतात, तो माझ्या लेखी पेरलेलं आमिषच आहे, कायदा काहीही म्हणो. हे माझं मत आहे, इथे चांगले चांगले लोक माझ्याशी सहमत नाहीत.

नैतिकता बाजूला ठेवली तरी मक्याचं एक वाईट आहे. दमट हवेत पोत्यात, फीडरमध्ये, जमिनीवर मक्याला बुरशी लागते आणि त्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं, आपल्याकडे शेंगदाण्याच्या बाबतीत ऐकतो तेच विष. माणसांच्या खाण्यात इथे मर्यादा २० पीपीबी, म्हणजे अब्जात वीस भाग, आहे. रानटर्कीच्या पिल्लांना १०० ते ४०० पीपीबीचं खाणं दोन आठवडे दिलं तेव्हा त्यांचं खाणं कमी झालं, वजन नीट वाढेना, यकृतावर परिणाम दिसला. वन्यप्राण्यांसाठी म्हणून विकला जाणारा स्वस्त मका कधीकधी असतोच माणसांसाठी नापास झालेला. त्यात फीडरवर रोज रात्री रॅकून जमतात आणि तिथून हाकेच्या अंतरावर मादी अंड्यांवर बसलेली असते, पुढचं तुम्हीच समजा.

तुम्हाला एकदम फीडर बंद करायला मी सांगत नाही, रँच तुमचं नाही. पण पुढच्या सीझनला एक सकाळ त्या मित्राबरोबर फीडरपासून मैलभर लांब, नदीकाठच्या झाडीजवळ, नुसता कॉल घेऊन बसा. टर्की नाही आली तरी चालेल असं ठरवून बसा.

प्रश्न : मी नागपूरला असतो, मुलगा ओहायोत. तुमचं सदर वाचतो. मला मुळात हेच पटत नाही, आधी पक्ष्यांसाठी पेरायचं, प्रेमाने वाढवायचं आणि मग गोळी घालायची. आपल्याकडे शिकार बंद आहे तेच बरं नाही का?

उत्तर : दादा, तुमची अस्वस्थता मी हसण्यावारी नेणार नाही. मी स्वतः शिकार करत नाही, मी फक्त पेरते, आणि माझ्याच पट्टीवर फिरणारा नर पलीकडच्या जमिनीत कुणी टिपला असं कळलं की मलाही चुटपुट लागते.

आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात शिकारीच्या व्याख्येतच प्राण्याला आमिष दाखवणं धरलंय, म्हणजे गोळी झाडायच्याही आधी गुन्हा घडतो. आपल्या परिस्थितीत, एवढी माणसं आणि एवढंसं उरलेलं जंगल असताना, ते बरोबरच आहे. पण इथली गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १९३० च्या दशकात अख्ख्या अमेरिकेत रानटर्की दोनेक लाख उरल्या होत्या, जंगलतोड आणि बाजारासाठी केलेली बेसुमार शिकार यामुळे. १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा आला, बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राज्यांना मिळायला लागला. सुरुवातीला पिंजऱ्यात वाढवलेल्या टर्की सोडल्या त्या जगल्या नाहीत, त्यांना रान माहीतच नव्हतं. मग १९५० च्या दशकात तोफेसारख्या नळकांड्यांनी उडणारी मोठी जाळी वापरून जंगलातलेच कळप पकडून दुसरीकडे सोडायला लागले आणि तिथून चित्र पालटलं. १९७३ मध्ये शिकाऱ्यांनीच नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन काढली. २००० च्या आसपास संख्या सत्तर लाखांच्या घरात गेली होती, आता साठ लाखांच्या आसपास आहे. आणि गंमत बघा, ती जाळी उडवायच्या आधी कळप समोर यावा म्हणून दिवसचे दिवस मकाच टाकत असत. म्हणजे ज्या आमिषावर मी आत्ता वर एवढं बोलले त्याच आमिषाने हा पक्षी वाचला, फक्त ते पकडून दुसऱ्या रानात सोडण्यासाठी होतं. म्हणून मी मक्याला वाईट म्हणत नाही, तो कशासाठी टाकलाय त्याला म्हणते.

तुमच्या मुलाच्या ओहायोतही टर्की नाहीशी होऊन परत आलीये, गेलात की बघा. आणि जाता जाता, आपल्या देशात हा पक्षी पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरला तो गोव्यामार्गे आलेला. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने पोर्तुगीजांकडून गोव्याहून आणलेला टर्कीचा नर जहांगीर बादशहाला नजर केला आणि मन्सूर चित्रकाराने त्याचं चित्र काढलं, मानेवरच्या लाल-निळ्या सुरकुत्या एकूण एक. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे ते.

प्रश्न : विस्कॉन्सिन. जानेवारीत दोन फूट बर्फ, टर्की झाडावरून उतरतच नाहीत. मका टाकू का? बघवत नाही.

उत्तर : नका टाकू. भुसभुशीत खोल बर्फात त्यांना चालता येत नाही म्हणून त्या मुद्दाम झाडावर बसून राहतात आणि ताकद वाचवतात, धडधाकट टर्की आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त दिवस, न खाता काढू शकते. तुम्ही मका टाकलात की ती त्यासाठी खाली उतरून बर्फात धडपडते, कोल्ह्या-कायोटीच्या तोंडी जाते, आणि विस्कॉन्सिनमध्ये तर हरणांच्या रोगामुळे बहुतेक काउंट्यांत प्राण्यांना असं खायला घालायलाच बंदी आहे. त्यापेक्षा येत्या वसंतात हॉथॉर्न, सुमॅक, क्रॅबअॅपल लावा, ज्यांची फळं हिवाळ्यात बर्फाच्या वर फांदीवरच लटकून राहतात. शेजारी शेतकरी असेल तर त्याला विचारा की जंगलाच्या कडेच्या मक्याच्या चार-सहा ओळी न कापता उभ्या ठेवशील का, त्याचे पैसे तुम्ही द्या. ओळी वाऱ्याच्या आडोशाला, दक्षिणेकडच्या उतारावर असल्या तर उत्तम, तिथला बर्फ आधी वितळतो.